टँक आज, मासे पुढच्या महिन्यात

रविवारची सकाळ. मित्राला मागे बसवून तुम्ही माशांच्या दुकानात जाता. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असा काचेचा टँक पसंत करता. फिल्टर, निळी-पांढरी खडी, प्लॅस्टिकचं एक झाड, तोंडातून बुडबुडे सोडणारा शिंपला, सगळं घेऊन होतं. मग दुकानदार विचारतो, "मासे कोणते देऊ?"

तो विचारणारच. आणि तुम्हीही घेणारच, कारण मासे नसलेला टँक घरी नेऊन करायचं काय? दोन गोल्डफिश, चार मॉली, "काच साफ ठेवतो" म्हणून एक सकर. पिशव्यांना रबरबँड लागतात. तासाभरात टँक भरतो, फिल्टर गुरगुरायला लागतो, पिशव्या सुटतात. रात्री लाइट लावून स्टोरी टाकून होते. पाणी आरशासारखं स्वच्छ असतं.

बुधवारी एक गोल्डफिश पाण्याच्या वर तोंड काढून भराभर श्वास घेताना दिसतो. गुरुवारी दोन मॉली तळाशी बसून असतात. शुक्रवारी कॉलेजातून घरी येता तर एक जण पालथा.

हे माझंच झालंय. एफवायला होतो. दहा दिवसांत सातांपैकी सहा मासे गेले, उरला फक्त सकर. घरात प्रत्येकाकडे कारण तयार होतं. बाबा म्हणाले, दुकानदाराने आजारी मासे गळ्यात मारले. मित्र म्हणाला, खाणं जास्त झालं. आणि आजी म्हणाली, घरावर येणारं संकट माशांनी स्वतःवर घेतलं. सहा संकटं टळली म्हणून मी खूश व्हायला हवं होतं. पण सकाळी उठून जाळीने मासा काढायचा आणि कुंडीत पुरायचा हे सहा वेळा केलं, की पुढचे मासे आणायची हिंमत होत नाही.

मासे आजारी नव्हते. संकटही नव्हतं. ते स्वतःच्याच लघवीत मेले.

वाचायला घाण वाटेल, पण गोष्ट एवढीच आहे. मासा खातो आणि अमोनिया बाहेर टाकतो, त्यातला बराचसा तर थेट कल्ल्यांतून. तळाशी पडलेलं न खाल्लेलं खाणं सडतं, त्यातूनही अमोनियाच होतो. नदीत किंवा तळ्यात हे पाणी वाहून जातं, पसरतं, वनस्पती आणि जिवाणू ते वापरून टाकतात. तुमच्या टँकमध्ये जेमतेम ५० लिटर पाणी आहे आणि जायला वाट नाही. अमोनिया साठत जातो, कल्ले भाजून काढतो. पाणी मात्र स्वच्छच दिसत राहतं, कारण अमोनियाला रंगच नाही. आपण डोळ्यांवर विश्वास ठेवतो आणि तिथेच फसतो. मासे पाळणाऱ्यांच्या जगात या प्रकाराला नावही आहे, 'न्यू टँक सिंड्रोम'. नव्या टँकचा आजार. माशाचा नव्हे, टँकचा.

मग जुन्या टँकमध्ये मासे वर्षानुवर्षं जगतात ते कसे? तिथे कोणीतरी ही घाण रोज उचलत असतं. हे सफाई कामगार म्हणजे जिवाणू. त्यांच्या दोन टोळ्या असतात. पहिली टोळी अमोनिया खाते आणि त्याचं नायट्राइट करते. नायट्राइटही विषारीच. ते माशाच्या रक्तात शिरलं की हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहता येत नाही. पाण्यात भरपूर हवा असूनही मासा गुदमरतो, तो वर येऊन तोंड उघडतो ते अनेकदा यामुळे. दुसरी टोळी या नायट्राइटचं नायट्रेट करते. नायट्रेट बरंच सौम्य असतं, थोडं साठलं तरी चालतं आणि आठवड्याला पाणी बदललं की जातं.

बारावीला नायट्रोजन सायकलची आकृती काढून मार्क मिळवलेत ना? तीच ही. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्कीने हे जिवाणू १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले. गंमत म्हणजे काचेतल्या पाण्यात मासे टिकवायचे प्रयोग त्याच्या कितीतरी आधी झाले होते. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने १८५० मध्ये दोन गोल्डफिश, थोडी पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून पाणी न बदलता टँक चालवून दाखवला. झाडांची सडकी पानं पाणी बिघडवतात हे त्याच्या लक्षात आलं, म्हणून त्याने गोगलगायी आणल्या. जिवाणूंचा पत्ता तेव्हा कोणालाच नव्हता, पण ते बिचारे काम करतच असणार.

अडचण अशी, की या टोळ्या नव्या टँकमध्ये नसतात. आणि त्यांची वाढ फार सावकाश होते. आपल्याला माहीत असलेला ई. कोलाय सोयीच्या परिस्थितीत वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. या मंडळींना त्यासाठी निम्मा-अख्खा दिवस लागतो, कधी त्याहून जास्त. म्हणजे रविवारी टँक भरून रविवारीच मासे सोडले तर घाण करणारे हजर आणि उचलणारे गैरहजर. टोळ्या पुरेशा वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस टँक चालू ठेवायचा, माशांविना. याला 'सायकलिंग' म्हणतात.

हो, महिनाभर पाण्याकडे बघत बसायचं. रूममेट हसतील, हसू द्या.

आता कामाला लागू. टँक ठेवायची जागा आधी ठरवा, कारण भरल्यावर तो हलत नाही. दोन बाय एक बाय एकचा टँक काठोकाठ भरला तर साधारण ५६ लिटर. म्हणजे नुसतं पाणीच ५६ किलो, वर काच आणि खडी. अभ्यासाच्या डगमगत्या टेबलावर हे चालणार नाही. खाली थर्माकोलची शीट घाला, नाहीतर एखाद्या खड्यामुळे काचेला तडा जातो. थेट ऊन येणारी खिडकी टाळा, नाहीतर महिन्यात हिरवं शेवाळ येईल. पहिल्यांदा नुसतं पाणी भरून एक दिवस ठेवा. कुठे गळतंय का ते तेव्हाच कळलेलं बरं. भाड्याच्या खोलीत राहत असाल तर खालच्या मजल्यावरच्यांशी असलेले तुमचे संबंध यावर अवलंबून आहेत.

टँक, खडी, फिल्टर, सगळं साध्या पाण्याने धुवा. साबण, भांड्यांचा लिक्विड, फिनेल यांतलं काहीही नको. खडी तांदूळ धुतो तशी, पाणी नितळ येईपर्यंत, आणि हे दहा-बारा वेळा तरी करावं लागतं. नदीतून किंवा बांधकामावरून खडी आणली असेल तर त्यावर लिंबू पिळून बघा. फेस आला तर तिच्यात चुना आहे, ती पाण्याचा पीएच वाढवत राहील. संगमरवराचे तुकडे आणि शंख-शिंपले त्याच जातीचे.

पाण्याचं जरा थांबून सांगतो. पालिकेच्या नळाला क्लोरीन असतो, तो आपल्यासाठी चांगला आणि जिवाणूंसाठी मरण. बादल्या भरून उघड्यावर एक-दोन दिवस ठेवल्या तर साधा क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर दुकानात 'अँटी-क्लोरीन' मिळतं, ते बाटलीवर लिहिलंय तेवढंच घाला. बोअरच्या पाण्यात क्लोरीनचं टेन्शन नसतं, पण क्षार असतात आणि पीएच बहुधा जास्त असतो. हे महत्त्वाचं आहे, कारण अमोनियाचं विष पीएचवर अवलंबून असतं. खोलीच्या तापमानाला आणि पीएच ७ ला त्यातला शंभरातला एक भागही खऱ्या विषारी रूपात नसतो. पीएच ८ ला गेला की तोच आकडा पाचेक भागांवर जातो. एकाच दुकानातले मासे एकाच दिवशी घेतलेल्या दोन मित्रांपैकी एकाचे जगतात आणि बोअरवाल्याचे मरतात, त्यामागे अनेकदा हे असतं. टँकरचं पाणी येत असेल तर ते कुठून भरलंय हे दर वेळी वेगळं असू शकतं. त्यामुळे तपासल्याशिवाय घालू नका.

टँक भरला, फिल्टर आणि हवेचा पंप सुरू केला. आता जिवाणूंना जेवायला द्यायचं. मासे नाहीत म्हणजे अमोनिया नाही, आणि अमोनिया नाही म्हणजे जिवाणू उपाशी. नुसता रिकामा फिल्टर महिनाभर फिरवत ठेवून "मी थांबलो होतो की!" म्हणणारे खूप भेटतात. त्याचा काही उपयोग नाही.

सोपा मार्ग म्हणजे माशांचं खाणं रोज चिमूटभर टाकत राहायचं, जणू आत मासे आहेत. ते सडतं, अमोनिया होतो. थोडा वास येतो, थोडी बुरशी दिसते, प्रमाण कळत नाही, पण काम होतं.

दुसरा मार्ग सायन्सवाल्यांना आवडेल. अमोनियम क्लोराइड. म्हणजे आपला नवसागर, कल्हईवाला भांड्यावर फिरवायचा आणि पांढरा धूर निघायचा तो. सॉल्ट अॅनालिसिसमध्ये अमोनियम आयन ओळखताना नाकाला झोंबलेला वास आठवतोय? तोच अमोनिया. पण बाजारातल्या नवसागरात आणखी काय असेल याचा भरवसा नाही, म्हणून प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानातून शुद्ध पावडर घ्या. ३ ग्रॅम पावडर १०० मिली पाण्यात विरघळवा आणि बाटलीवर ठळक अक्षरात नाव लिहून ठेवा. त्यातलं १० मिली द्रावण ५० लिटर पाण्यात घातलं की अमोनिया साधारण २ पीपीएम होतो. तो संपत आला की पुन्हा तेवढंच. जास्त घातलं म्हणून लवकर होत नाही, उलट फार झाला तर जिवाणूच मंदावतात.

आणि एक टेस्ट किट घ्याच. अमोनिया आणि नायट्राइट हे दोन तरी. दोन पिझ्झांचे पैसे जातील, पण किट नसेल तर तुम्ही पुन्हा पाण्याच्या चमकेवर विश्वास ठेवणार. छोट्या नळीत टँकचं पाणी, त्यात थेंब, मग रंग कार्डाशी जुळवायचा. वहीच्या मागच्या पानावर तारीख आणि आकडा लिहा. ऑर्गॅनिकच्या प्रॅक्टिकलपेक्षा यात जास्त मजा येते, शपथ.

पहिला आठवडा कंटाळ्याचा. अमोनिया जसाच्या तसा. चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी दुधाळ होईल आणि घरचे म्हणतील, "बदल ते पाणी!" बदलू नका. ते वेगळेच, भराभर वाढणारे जिवाणू असतात, काही दिवसांत आपोआप विरतात. मग एक दिवस अमोनिया उतरायला लागतो आणि नायट्राइटची नळी गुलाबी-जांभळी होते. याचा अर्थ पहिली टोळी कामावर आली. यानंतर खरी परीक्षा. नायट्राइट दिवसेंदिवस चढाच राहतो आणि वाटतं, काहीतरी चुकलं. चुकलेलं नसतं. दुसरी टोळी आणखी आळशी असते, एवढंच. माझ्या वहीत तेरा दिवस एकच जांभळा रंग लिहिलेला आहे. चौदाव्या दिवशी सकाळी नळी एकदम फिकट निळी आली, तेव्हा मला खोटं वाटून मी टेस्ट पुन्हा केली.

मधेच सगळं ठप्प झालं तर पीएच बघा. हे जिवाणू काम करताना पाण्यातला क्षारपणा खर्च करतात. धरणातून येणाऱ्या मऊ पाण्यात तो मुळात कमी असतो, तो संपला की पीएच घसरतो आणि टोळ्या संपावर जातात. थोडं पाणी बदला, किंवा शिंपल्याचे चार तुकडे फिल्टरमध्ये टाका. मघाशी नको म्हटलेले शिंपले इथे उपयोगी पडतात. थंडीतही वेग कमी होतो. नाशिककडे डिसेंबरात टँक लावणाऱ्याला कोकणात मे महिन्यात लावणाऱ्यापेक्षा जास्त थांबावं लागेल.

शॉर्टकट आहे का? आहे, एकच खात्रीचा. ज्याच्याकडे वर्ष-दोन वर्षं चालू असलेला, निरोगी माशांचा टँक आहे असा मित्र गाठा. त्याच्या फिल्टरमधल्या मळक्या स्पंजचा एक तुकडा मागा आणि ओला ठेवून, वाळू न देता घरी आणून आपल्या फिल्टरमध्ये बसवा. लोक हौसेने जुन्या टँकचं पाणी बादलीभर आणतात, त्याने फारसं काही होत नाही. हे जिवाणू पाण्यात फिरत नसतात, ते स्पंजला, खडीला, काचेला चिकटून राहतात. बाटलीबंद जिवाणूही विकत मिळतात. काही चालतात, काही नाही. बाटली उन्हात किती महिने पडून होती हे आपल्याला कोण सांगणार? घातले तरी टेस्ट करूनच विश्वास ठेवा.

टँक तयार झाला हे कसं ओळखायचं? रात्री २ पीपीएम अमोनिया घाला. चोवीस तासांनी अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य. सलग दोन-तीन दिवस असं आलं की झालं. या काळात नायट्रेट बराच साठलेला असतो, म्हणून तीन चतुर्थांश पाणी बदला आणि एक-दोन दिवसांत मासे आणा. फार लांबवलं तर जिवाणू पुन्हा उपाशी.

मासे कोणते, यावर दुकानात जायच्या आधीच ठरवा. क्रॉफर्ड मार्केट असो की तुमच्या एसटी स्टँडमागचं छोटं दुकान, तिथे उभं राहून ठरवलं तर रंग बघून ठरतं. गोल्डफिश ५० लिटरमध्ये नको, तो नीट वाढला तर वीतभर होतो. सकर दुकानात बोटाएवढा असतो, पुढे फूट-दीड फूट. आणि मोठा झालेला सकर लोक करतात काय, तर नदीत किंवा तळ्यात सोडून येतात. देशातल्या कितीतरी पाणवठ्यांत तो आता पसरलाय आणि मच्छिमारांची जाळी फाडतोय. माझा उरलेला सकर मी मोठा टँक असलेल्या एका काकांना दिला. तुम्हीही तसंच काहीतरी करा, पण पुलावरून सोडू नका. ते पुण्य नाही.

छोट्या टँकसाठी झेब्रा डॅनिओ चांगला. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, म्हणजे आपल्याच देशातला, निळ्या पट्ट्यांचा, चपळ. जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये संशोधनासाठी हाच पाळतात. पाच-सहा एकत्र घ्या, एकटा खुश नसतो. उड्या मारतो, म्हणून वर झाकण हवं. गप्पी चालतील, पण नर-मादी दोन्ही आणलेत तर दोन महिन्यांनी वर्गात पिल्लं वाटत फिराल. फायटर एकटाच ठेवायचा. तो वर येऊन हवेतूनही श्वास घेऊ शकतो, म्हणून दुकानात ग्लासात जिवंत दिसतो. जगू शकतो म्हणजे ग्लासात ठेवावा असं नाही, अमोनिया त्याचेही कल्ले जाळतो.

आणायच्या दिवशी पिशवी बंदच पंधरा-वीस मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवा, तापमान जुळतं. मग पिशवी उघडून थोडं थोडं टँकचं पाणी तिच्यात घाला, अर्धा तास तरी. शेवटी मासा जाळीने उचलून टँकमध्ये, पिशवीतलं पाणी मोरीत.

एवढं करून टँक पुन्हा मारता येतो, तो असा. दिवाळीच्या साफसफाईत कोणीतरी प्रेमाने फिल्टरचा स्पंज नळाखाली खसखसून धुतं आणि महिन्याभराचे कामगार एका मिनिटात गटारात जातात. स्पंज धुवायचा तो टँकमधून काढलेल्या बादलीभर पाण्यात, नुसता दाबून. घरी चिठ्ठी चिकटवून ठेवा. दुसरी भीती लाइट जाण्याची. फिल्टर काही तास बंद राहिला की आतल्या जिवाणूंचा ऑक्सिजन संपतो. तुमच्याकडे लोडशेडिंग असेल तर सेलवर चालणारा हवेचा पंप घेऊन ठेवा, आणि लाइट येईपर्यंत खाणं टाकू नका.

माझ्या दुसऱ्या टँकमध्ये मासे आले तेव्हा वहीत ४१ वा दिवस होता. सहा झेब्रा डॅनिओ. पहिल्या रात्री लाइट बंद ठेवला, खायला काही दिलं नाही. सोमवारी अमोनिया शून्य. बुधवारी शून्य. शुक्रवारी कॉलेजातून आल्यावर बॅग न उतरवताच टँकसमोर उभा राहून मोजायला लागलो. इतके पळत होते की दोनदा चुकलो, पण सहाही होते.